‘मेलेलं’ संगीत लिव्हरपूलमध्ये कोण ऐकत होतं?

अमेरिकी पॉपचा एक इतिहास सतत फिरत असतो. रॉक अँड रोलचे गायक एकेक करून गेले: लिटल रिचर्ड धर्माकडे वळला, एल्विस लष्करात गेला, जेरी ली लुईस लग्नाच्या प्रकरणात बदनाम झाला आणि ३ फेब्रुवारी १९५९ ला आयोवात विमान कोसळून बडी हॉली गेला. पुढची पाच वर्षं नुसता शुकशुकाट: गोंडस चेहऱ्यांची पोरं आणि कारखान्यात पाडलेली गाणी. मग फेब्रुवारी १९६४ मध्ये इंग्लंडातल्या लिव्हरपूलचे बीटल्स न्यूयॉर्कला उतरले आणि संगीत जिवंत झालं.

यातल्या घटना खऱ्या आहेत, गोष्ट खोटी आहे.

शुकशुकाट होता का, हे बीटल्सच्याच पहिल्या अल्बमला विचारू. ‘प्लीज प्लीज मी’ मार्च १९६३ मध्ये आला. चौदा गाणी; आठ स्वतःची, सहा दुसऱ्यांची. ही सहाच्या सहा अमेरिकी, आणि सगळी १९६० ते १९६२ मधली. त्यांतली दोन शिरेल्स या कृष्णवर्णीय मुलींच्या गटाची, एक कुकीजचं, एक आर्थर अलेक्झांडरचं. ‘ट्विस्ट अँड शाउट’ आयस्ली ब्रदर्सनी १९६२ मध्ये गाजवलेलं. १९६३ मधल्याच दुसऱ्या अल्बमात तीन गाणी मोटाउन या डेट्रॉइटच्या रेकॉर्ड कंपनीची. म्हणजे ज्यांनी मेलेल्या संगीताला उठवलं म्हणतात, ते त्याच संगीतावर वाढत होते. गिटार घेतलेले गोरे तरुणच मोजायचे ठरवलं, तर मधली वर्षं रिकामी दिसणारच.

‘कारखान्या’चा आरोप जास्त चिवट आहे. न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवर छोट्या छोट्या खोल्यांत पियानो ठेवून जोड्या गाणी रचत, हे खरं. (या साऱ्याला सगळे ‘ब्रिल बिल्डिंग’ म्हणतात, ती इमारत १६१९ नंबरची. कॅरल किंग आणि गेरी गॉफिन ज्या अल्डन म्युझिक या संगीत प्रकाशन कंपनीसाठी लिहीत, ती १६५० नंबरच्या इमारतीत होती. पत्त्याचा घोळ जुनाच आहे.) पण मागणीनुसार लिहिलं म्हणून गाणं खोटं, हा नियम आपल्या चित्रपटगीतांना लावून पाहा, काय उरतं ते कळेल. १९६० मध्ये अठरा वर्षांच्या किंगनं चाल दिली आणि दिवसा रसायनांच्या कंपनीत नोकरी करणाऱ्या गॉफिननं शब्द लिहिले: आजची रात्र ठीक, उद्याही प्रेम करशील ना? एका मुलीच्या तोंडी इतका सरळ प्रश्न, तोही १९६० मध्ये. शिरेल्सच्या आवाजातलं हे ‘विल यू लव्ह मी टुमारो’ जानेवारी १९६१ मध्ये बिलबोर्ड साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं. कृष्णवर्णीय मुलींचा गट तिथे पोचण्याची ती पहिलीच वेळ. गॉफिननं नोकरी सोडली. गुळमुळीत गाणी नव्हती असं नाही, ढिगानं होती. ती कुठल्या काळात नव्हती?

तिसरा मुद्दा पेओलाचा, म्हणजे रेकॉर्ड वाजवण्यासाठी रेडिओ निवेदकांना दिलेल्या पैशांचा. १९६० मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सुनावण्या झाल्या. रॉक अँड रोल वाजवणारा नामांकित निवेदक ॲलन फ्रीड याची नोकरी त्याआधीच, नोव्हेंबर १९५९ मध्ये गेली होती. यामुळे छोट्या कंपन्या संपल्या आणि बड्यांचं राज्य आलं, असं सांगतात. फ्रीड संपला, हे कबूल. पण बेरी गॉर्डीनं डेट्रॉइटमध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर कर्ज घेऊन १९५९ मध्ये सुरू केलेल्या कंपनीचं (हीच ती मोटाउन) ‘प्लीज मिस्टर पोस्टमन’ डिसेंबर १९६१ मध्ये पहिल्या क्रमांकावर होतं. मेम्फिसच्या एका छोट्या रेकॉर्ड कंपनीनं स्टॅक्स हे नाव घेतलं तेही १९६१ मध्येच.

राहिला शेवटचा दावा: बीटल्सनी गाणी लिहून देणाऱ्यांना घरी बसवलं. अर्धा खरा. स्वतःची गाणी स्वतः लिहिणारे गट आल्यावर मागणी घटली. पण अल्डनच्या मालकांनी कंपनी कोलंबिया पिक्चर्सच्या स्क्रीन जेम्सला विकली ती १९६३ मध्येच, बीटल्स अमेरिकेत पोचण्याआधी. १९६५ मध्ये ॲनिमल्स हा ब्रिटिश गटच बॅरी मॅन आणि सिंथिया वाइल या ब्रॉडवेवरच्या जोडीचं गाणं गात होता. आणि किंग? ती स्वतः माइकसमोर आली. १९७१ चा तिचा अल्बम ‘टॅपेस्ट्री’ पंधरा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. त्यात तिनं ते शिरेल्सचं गाणं पुन्हा म्हटलंय, लय बरीच संथ करून. मागे जेम्स टेलर आणि जोनी मिचेल या गायकांचे आवाज.