बिनधुराड्याची भट्टी उभारायची आहे?

कोळशाचा एक खडाही न जाळता हवा तापवण्यात कोळशाला मागे टाकायचं आणि वर ‘स्वच्छ ऊर्जे’चा हारही गळ्यात घालून घ्यायचा, असा तुमचा मानस असेल तर उगाच चिमण्या बांधत बसू नका. विषुववृत्ताजवळची एखादी नदी गाठा आणि तिच्यावर धरण घाला.

जागेच्या बाबतीत मात्र चोखंदळ राहा. खोल दरी, उंच कडा असलं काही दिसलं की काढता पाय घ्या. पाणी उंचावरून पडलं की थोडक्यात भरपूर वीज देतं आणि जलाशय लहानच राहतो. आमच्या कोयनेचं तेच झालं. सह्याद्रीचा कडा आयता मिळाला, त्यामुळे १,९६० मेगावॅट क्षमता उभी करूनही शिवसागर आपला आटोपशीर. तुम्हाला हवी सपाट जमीन. आदर्श म्हणून ब्राझीलचं बालबिना धरण डोळ्यांसमोर ठेवा. ॲमेझॉनच्या खोऱ्यात, मनौस शहराच्या उत्तरेला, उआतुमा नदीवर १९८७ साली पाणी अडवलं आणि ते सुमारे २,३६० चौरस किलोमीटर पसरलं. बृहन्मुंबईसारखी तीन शहरं त्यात बुडून वर जागा उरेल. क्षमता किती? २५० मेगावॅट. तीही कागदावरची.

आता जंगल. तोडू बिडू नका हो! तोडणं म्हणजे मजूर आले, वाहतूक आली, लाकडाचा हिशोब आला. बालबिनात झाडं बहुतांशी उभीच ठेवून पाणी चढवलं, आणि वाळलेल्या बुंध्यांची ती फौज पुढे कित्येक वर्षं पाण्याबाहेर डोकं काढून उभी होती. तिथे वैमिरी-अत्रोआरी आदिवासींची गावं होती, ती उठवावी लागली. याबद्दल कुणी छेडलंच तर ‘पुनर्वसन’ म्हणायचं. मराठी माणसाला हे शिकवायला नको.

यानंतर तुम्हाला काहीच करायचं नाही, निसर्ग राबतो. पाण्याबाहेरची खोडं हवेत कुजून कार्बन डायऑक्साइड सोडतात. पाला, मुळं, माती तळाशी. तिथला प्राणवायू लवकरच संपतो आणि मिथेन तयार व्हायला लागतो. थोडक्यात, गोबरगॅसची टाकी, फक्त चुलीकडे जाणारी नळी जोडलेली नाही. वीस वर्षांच्या हिशोबात हा मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून जास्त उष्णता अडवतो, म्हणजे गुंतवणूक वाया जात नाही. जुनं लाकूड एक दिवस संपेल, अशी काळजीही नको. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठच्या चिखलात कोवळं गवत उगवतं, पाणी चढलं की तेच बुडून सडतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत, मिथेन बाहेर, दरवर्षी नवा हंगाम.

टर्बाइनला पाणी खोलातून घ्या. वायू तिथेच दाबाखाली विरघळून बसलेला असतो. पलीकडे दाब उतरला की तो सुटतो, आणि धरणाखाली नदीचं पाणी मैलोनमैल वायू सोडत जातं.

मोजणाऱ्यांना म्हणूनच धरणाच्या वरच्या अंगाला न्या. तळ्यावर छान तरंगता डबा ठेवा, बुडबुडे मोजा, चहा द्या, निरोप द्या. खालच्या अंगाला फिरकू देऊ नका. खोल पाण्याचा नमुना हवाच असेल तर साधी बाटली वर ओढा. येता येता निम्माशिम्मा वायू वाटेतच उडून जातो आणि आकडा गोजिरवाणा येतो. अलेक्झांद्रे केमेनेस हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालबिनात हा शिष्टाचार पाळला नाही. ते धरणाखाली उतरले, नमुन्यातला वायू निसटू नये म्हणून वेगळं उपकरण वापरलं, आणि युनिटमागे बालबिना कोळशालाही भारी पडतं असं लिहून मोकळे झाले. मनौसच्याच ॲमेझॉन संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ फिलिप फर्नसाइड तर १९९५ पासून हेच बजावत होते. असे लोक असणार, धरून चाला.

त्यांना एकच उत्तर द्या: ‘नदी तशीही थोडा कार्बन सोडतेच की!’ यात तथ्य आहे, म्हणूनच ते वापरण्याजोगं आहे. जलाशयाचं एकूण उत्सर्जन आणि नदीचं मूळचं वजा जाता उरणारं निव्वळ यांतला फरक किती यावर वाद घाला. तो वर्षानुवर्षं पुरतो. देशाच्या उत्सर्जनाच्या सरकारी हिशोबाचीही फार धास्ती नको. आंतरराष्ट्रीय हवामान समितीने (आयपीसीसी) २००६ च्या मार्गदर्शिकेत जलाशयांच्या मिथेनला परिशिष्टात बसवलं होतं, आणि परिशिष्ट कोण वाचतो? २०१९ मध्ये त्यांनी हे सुधारलं, त्याला आपला नाइलाज.

कार्बन क्रेडिटचा मोह मात्र आवरा. संयुक्त राष्ट्रांच्या ‘स्वच्छ विकास यंत्रणा’ या क्रेडिट योजनेत जलाशयाच्या चौरस मीटरमागे ४ वॅटहून जास्त क्षमता लागायची. बालबिनाचं गणित ०.१ वॅटवर येतं.

एवढं करूनही वीज कमी पडली तर ब्राझीलने २०१६ साली केलं तेच करा. त्याच तळ्यावर तरंगती सौर पॅनेलं सोडा. ऊन तिथे आधीपासूनच मुबलक होतं.