फोडणीची पोळी आणि स्ट्रेस मॅनेजमेंट

आज आमच्याकडे 'स्ट्रेस मॅनेजमेंट'चं ऑनलाइन सेशन होतं. कधी? दुपारी १ ते २. म्हणजे जेवायच्या सुट्टीत. अटेंडन्स कंपल्सरी, कॅमेरा ऑन. त्या बाई गोड आवाजात सांगतायत डोळे मिटा, खोल श्वास घ्या, आणि मी एक डोळा उघडा ठेवून क्लायंटच्या मेलला उत्तर देतोय. डबा बॅगेतच.

तर या डब्याबद्दल. मार्चमध्ये टीममधले दोघं सोडून गेले, त्यांच्या जागी कोणी आलंच नाही, त्यांचं काम 'तात्पुरतं' माझ्याकडे आलं (अजूनही तात्पुरतंच आहे). तेव्हा सलग दोन आठवडे सकाळी नाश्त्याला फोडणीची पोळी. एक दिवस आईवर खेकसलो, रोज रोज काय गं हेच. ती कढईत हलवता हलवता, मागे न बघता म्हणाली, "तूच आणतोस की परत."

बास. काय बोलणार यावर.

आणि हे मला श्वास शिकवणार! अहो, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय की बर्नआउट म्हणजे कामाच्या ठिकाणचा ताण नीट हाताळला न गेल्याने होणारा प्रकार. कामाच्या ठिकाणचा. माझ्या नाकपुड्यांचा नाही. दोन माणसं भरा, श्वास आपोआप खोल जाईल.

बाबा पिंपरीला कारखान्यात होते. भोंगा वाजला की सुटले. जास्त थांबले तर ओव्हरटाइम डबल रेटने, आणि डबा कायम चाटूनपुसून रिकामा. आमच्यासाठीही दुकाने आणि आस्थापना कायद्यात आठवड्याला ४८ तास लिहिलेत, पण मॅनेजर लोकांना तो लागू नाही. मग काय, मी पण मॅनेजर! हाताखाली एक माणूस नाही, पण सहीखाली मॅनेजर. २०२३ मध्ये नारायण मूर्ती म्हणाले तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. सर, भूमकर चौकात क्लच दाबून बसलेले तास त्यात धरायचे की वेगळे?

पगार चांगला आहे, मान्य. वाकडचा फ्लॅट त्याच्यावरच उभा आहे. पण "सोड ना मग नोकरी" असं कमेंटमध्ये लिहिणाऱ्यांनी आधी ९० दिवसांचा नोटीस पिरियड आणि ५ तारखेचा हप्ता यांचं गणित सोडवून दाखवावं.

आणि साहेबालाही किती शिव्या घालायच्या, तो पण रात्री ११ ला ऑनलाइन दिसतो, अमेरिकेवाले उठले की याची दुसरी शिफ्ट सुरू. त्याच्याही घरी सकाळी फोडणीची पोळीच असणार बिचाऱ्याच्या.

आता पावणेबारा झालेत. सेशन संपल्या संपल्या कॉल लागला तो साडेतीनपर्यंत, मग भूकच मेली. आत्ता डबा उघडला. भेंडीला वास येतोय, पोळ्या ठीक आहेत. चारातल्या दोन उभ्या उभ्याच शेंगदाण्याच्या चटणीशी खाल्ल्या, निदान सगळ्या तरी आईला दिसायला नकोत. उरलेल्या दोन फडक्यात गुंडाळून ओट्यावर ठेवल्यात.

सेशनचा फीडबॅक फॉर्म १२ च्या आत भरायचाय. 'आता तुम्हाला किती रिलॅक्स वाटतंय, १ ते ५?'