उजवीकडे वळताना

आमच्या जीपचं स्टेरिंग दोन उन्हाळ्यांपासून खपल्या टाकत होतं. गावात स्टिअरिंग कोणी म्हणत नाही. म्हणालाच तर तो विम्याचा माणूस असतो.

जीप म्हणजे एमएम ५४०. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलीजच्या जीपा जोडायला घेतल्या, त्या घराण्यातली ही धाकटी पाती. वडिलांनी सेकंडहँड घेतली तेव्हाच ती प्रौढ होती. वर ताडपत्री, बाजूला दारं नाहीत, आणि मे महिन्यात दारव्ह्याकडचा पारा पंचेचाळिसाला टेकतो. त्या उन्हात स्टेरिंगचं काळं प्लास्टिक आधी तडकलं, मग तडा रुंदावला, मग आतली लोखंडी सळई दिसायला लागली. मी सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. उन्हात ती चिकट झाली आणि तिचा काळा रंग माझ्या तळहाताला लागला. एका लग्नात मी नवरदेवाच्या मामाजींशी हात मिळवला. फोटोत त्यांच्या पांढऱ्या बाहीवर माझी चार बोटं स्पष्ट दिसतात.

त्याच रात्री बायकोनं निकाल दिला : एक तर स्टेरिंग बदला, नाही तर चहाच्या कपाला हात लावायचा नाही.

अकोल्याला भंगारात एक स्टेरिंग मिळालं. "५४०चंच हाये, डोळे लावून घ्या," असं सांगितल्यावर मी डोळे लावूनच घेतलं. आता बसवायचं. मिस्त्रीला फोन केला तर लग्नसराई. दहा गाड्या त्याच्या दारात उभ्या. "मंगळवारी येतो," म्हणाला. कोणत्या, ते त्यानं सांगितलं नाही. फोनवर मात्र त्यानं सगळं समजावलं. बॅटरीची तार काढा. पुढची चाकं सरळ ठेवा. स्टेरिंग आणि दांडा, दोन्हीवर खूण करा. नट सैल करा, पण पूर्ण काढू नका; दोन आटे राहू द्या. "आन् पुलर नसन तं हातच नका लावू, भाऊ."

स्टेरिंग दांड्यावरून ओढून काढायचा हा पुलर माझ्याकडे नव्हता. मी हात लावला.

हॉर्नचं बटण काढताना आतली स्प्रिंग उडाली ती थेट गव्हाणीत. गाईनं तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि कडबा खायला लागली. स्प्रिंग शोधण्यात सकाळ गेली. नटसाठी पान्याला हातपंपाचा पाइप लावून लटकलो, तेव्हा तो किर्रर्र करून सैल झाला. खडूनं खुणा केल्या. पण स्टेरिंग जागचं हलेना. दांड्याला बारीक दाते असतात, त्यांवर ते बसतं. आमच्या दात्यांवर तीस वर्षांचा गंज. डिझेल ओतून रात्रभर ठेवलं.

सकाळी कडुनिंबाखाली अर्धं गाव. प्रत्येकानं कधी ना कधी जीप खोललेली होती, निदान खोलताना बघितली तरी होती. एकानं घण आणला. शेजारचे काकाजी ओरडले, "अबे, वरून घण मारशीन तं मार खालच्या डब्याले बसते! बेरिंग जाईन!" ते बरोबर होतं. मात्र त्यांचं पुढचं वाक्य आलंच. "आमच्या शकुंतला रेल्वेचं इंजन १९२१चं, मँचेस्टरचं. १९९४पर्यंत चाललं. त्याचं स्टेरिंग बदललं का कोनं?"

"काकाजी, आगगाडीले स्टेरिंग नसते."

काकाजी क्षणभर थांबले. "म्हनूनच टिकलं."

ट्रॅक्टरवाल्याचा पोरगा पुलर आणायला गेला. तो येईपर्यंत स्वस्थ बसावं, तर माणूस कसला! काकाजींनी सुचवलं, "दोन्ही गुडघे लाव आन् हालव." नट आड येतो असं वाटून मी तो पूर्णच काढून टाकला. गुडघे लावले. हलवलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा स्टेरिंग असं सुटलं की माझी हनुवटी घेऊन मागे आलं. मी मागच्या सीटवर, पाय आकाशात, आणि स्टेरिंग छातीवर, पोरांनी ओवाळणीचं ताट ठेवावं तसं. पुलर तेव्हा आला.

नवीन बसवायची वेळ आली तेव्हा कळलं की खडूची खूण रात्रीच्या डिझेलनं धुऊन नेली. मिस्त्रीनं खूण करायला सांगितलं होतं. छिन्नीनं कर, हे सांगायची त्याला गरज वाटली नसावी. मग अंदाजे बसवलं. दात्याचा फरक पडलाच. आता जीप नाकासमोर चालते आणि स्टेरिंग मात्र कोंबड्यानं मान वाकडी करून बघावं तसं.

ते चाललं असतं. पण हॉर्नची तार स्टेरिंगच्या नळीतूनच वर येते. बटण दाबलं की तिला अर्थ, म्हणजे विजेचं अर्थिंग, मिळतो आणि हॉर्न वाजतो. माझ्या ओढाताणीत तिचं जुनं आवरण सोललं. चिकटपट्टी लावली, तरी नळीत ती कुठं तरी घासते. थोडक्यात, आमच्या तारेला आता उजवीकडे वळताना अर्थ मिळू लागला.

हे मला कळलं ते चुलतसासऱ्यांच्या तेरवीला जाताना. त्यांच्या गावात रस्त्यापासून घरापर्यंत चार वळणं, चारही उजवीकडे. पहिल्या वळणावर कुत्री उठली. दुसऱ्यावर बाया दारात आल्या. तिसऱ्यावर मी स्टेरिंग हळूच, चोरून फिरवून पाहिलं. हॉर्न तेवढा वेळ जास्त वाजला. चौथं वळण मांडवाच्या तोंडाशीच होतं. आत पांढऱ्या टोप्यांची पंगत बसली होती, आणि वाढप्याच्या हातातला वरणाचा डाव तसाच अधांतरी राहिला.

कोणी काही बोललं नाही. मी जेवलो, सांत्वन केलं, निघालो. परतीची चारही वळणं डावीकडे. जीप चिडीचूप बाहेर पडली, आणि मागून कोणाचा तरी आवाज आला :

"पाहा बाप्पा! येतानी बँड लावून आला, जातानी चोरावानी चालला."