‘नंबर टाका, माणूस शोधा’: एका व्हायरल मजकुराचा प्रतिवाद

गेल्या काही महिन्यांपासून जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ‘सात दिवसांत सायबर गुप्तहेर व्हा’ अशा मथळ्याचा एक मजकूर फिरतो आहे. त्यातले दावे थोडक्यात असे आहेत: साधनांची यादी हाती असली की ही विद्या आठवड्यात येते; फोटो गुगलवर उलटा शोधला, म्हणजे शब्दांऐवजी फोटोच देऊन शोध घेतला, किंवा एआयला दाखवला की तो कुठला आणि केव्हाचा हे लगेच कळते; ऑनलाइन जे दिसते ते सार्वजनिकच असल्यामुळे ते शोधण्यात आणि वापरण्यात बेकायदा काही नाही; आणि पोलिसांची वाट न पाहता जे सापडेल ते ग्रुपवर उघड करावे. माझ्याकडे रविवारी शिकायला येणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांनी तरी हा मजकूर मला पाठवला आणि ‘सर, हे खरे आहे का?’ असे विचारले. खुल्या स्रोतांतून माहिती काढून ती पडताळण्याची ही विद्या, जिला ओसिंट म्हणतात, खानदेशातल्या मुलामुलींनी शिकावी असे मला मनापासून वाटते, आणि नेमक्या त्याच कारणाने हा मजकूर मला घातक वाटतो.

सात दिवसांचा आणि यादीचा दावा आधी पाहू. यादी जुनी व्हायला वेळ लागत नाही. फेसबुकवरची माणसे आणि पोस्ट शोधून देणाऱ्या ग्राफ सर्चवर अनेकांचा सगळा तपास उभा होता, ती सोय २०१९ मध्ये बंद झाली. ट्विटरमधून माहिती काढणारी कितीतरी मोफत साधने २०२३ मध्ये पैसे आकारणी सुरू होताच निकामी झाली. गुगलने साठवलेल्या पानांची लिंक २०२४ मध्ये काढून टाकली. ज्याला केवळ बटणे ठाऊक होती तो प्रत्येक वेळी अडला. ज्याला प्रश्न मांडता येत होता, म्हणजे मला काय ठाऊक आहे, काय ठाऊक नाही आणि ते कशावरून ठरेल हे लिहून काढता येत होते, त्याने दुसरी वाट शोधली. आणि वेळेबद्दल बोलायचे तर या क्षेत्रातले सर्वांत गाजलेले उदाहरणच घ्यावे. १७ जुलै २०१४ रोजी युक्रेनवर एमएच १७ हे प्रवासी विमान पाडले गेले आणि २९८ माणसे गेली. त्याच महिन्यात सुरू झालेल्या बेलिंगकॅट या गटाने लोकांनी टाकलेले फोटो आणि व्हिडिओ जुळवून क्षेपणास्त्र वाहून नेणाऱ्या वाहनाचा माग काढला आणि तो रशियातल्या कुर्स्कच्या लष्करी तुकडीपर्यंत नेला. आंतरराष्ट्रीय संयुक्त तपास पथकाने तोच निष्कर्ष मे २०१८ मध्ये जाहीर केला आणि नेदरलँड्सच्या न्यायालयाचा निकाल नोव्हेंबर २०२२ मध्ये लागला. या वाटेवर सात दिवसांत पहिला धडा होतो, त्याहून अधिक काही होत नाही.

फोटोबाबतचा दावा अधिक फसवा आहे, कारण तो अर्धा खरा आहे. गुगल लेन्स, यांडेक्स किंवा टिनआय यांच्यात फोटो टाकला आणि तोच फोटो चार वर्षांपूर्वीच्या पानावर सापडला, तर तो आजचा नाही हे सिद्ध होते. पण काहीच सापडले नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. गेल्या पावसाळ्यात आम्हाला याचा धडा मिळाला. ‘हतनूरचे सर्व दरवाजे उघडले, काठच्या गावांनी घरे सोडा’ असे लिहून तापीवरच्या हतनूर धरणाचा म्हणून एक व्हिडिओ आमच्या भागात फिरू लागला. मुलांनी त्यातली चित्रे एकेक करून शोधली, कुठेही जुळणी मिळाली नाही, आणि व्हिडिओ नवा, म्हणजे खरा, असे दोघांनी जाहीरही करून टाकले. मी त्यांना व्हिडिओ थांबवून दरवाजे मोजायला सांगितले. भिंतीची दोन्ही टोके दिसत होती आणि दरवाजे होते सात, तर हतनूरला ४१ दरवाजे आहेत आणि उपग्रहाच्या चित्रात ती लांबलचक रांग कोणालाही मोजता येते. शिवाय व्हिडिओत दोन्ही बाजूंनी डोंगर धरणाला भिडलेले होते, आणि तापीच्या काठावर भुसावळकडून गेलेल्या माणसाला तिथे असे डोंगर नाहीत हे सांगावे लागत नाही. मग ते धरण होते कोणते? दोन तास शोधूनही आम्हाला ते ठरवता आले नाही, म्हणून आम्ही नोंदवहीत एवढेच लिहिले की हे हतनूर नव्हे. एका मुलीने त्यानंतर विचारलेला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला: ‘व्हिडिओ खोटा आहे, पण बातमी?’ तिने पाटबंधारे खात्याचे त्या दिवसाचे पूरपत्रक काढले, तर हतनूरचे काही दरवाजे खरोखरच उघडलेले होते आणि काठच्या गावांना सावध राहायलाही सांगितलेले होते. आम्ही केवळ ‘फेक आहे’ असे लिहून मोकळे झालो असतो, तर कोणीतरी निर्धास्त होऊन जनावरे घेऊन नदीत उतरले असते.

फोटोत दडलेली तारीख आणि ठिकाण वाचता येते, असेही त्या मजकुरात आहे. मूळ फोटोत ती माहिती असू शकते हे खरे, परंतु व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून ती निघून जाते. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तरच ती टिकते. त्यामुळे फॉरवर्ड होऊन आलेल्या फोटोत ती शोधत बसणे व्यर्थ आहे. सावलीवरून वेळ काढण्याची पद्धत मात्र आपल्याकडे शिकण्यासारखी आहे, कारण परदेशी पाठ आंधळेपणाने गिरवला तर तो इथे चुकतो. उत्तर गोलार्धात मध्यान्हीची सावली उत्तरेकडे पडते, असे त्या पाठांत सरसकट लिहिलेले असते. जळगाव मात्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, साधारण २१ अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या मध्याला सूर्य आपल्या थेट डोक्यावर येतो, आणि मधल्या काळात तो उत्तरेकडे असल्याने सावली दक्षिणेकडे झुकते. शिवाय आपल्याकडे जूनमध्ये मध्यान्ह घड्याळातल्या बारा वाजता होत नाही, ती सुमारे साडेबाराला होते. हे ठाऊक नसलेला माणूस जूनमधला खरा फोटो खोटा ठरवील.

एआयबद्दलही हेच म्हणावे लागेल. त्याने सुचवलेले ठिकाण हा तपासाचा आरंभ असू शकतो, निष्कर्ष नव्हे. एका व्हिडिओतले बोलणे त्याने आम्हाला गुजराती म्हणून सांगितले, आणि वर्गातल्या शिरपूरच्या मुलाने पहिल्याच वाक्याला ती अहिराणी असल्याचे ओळखले. कोणत्या गावाकडे कसे बोलतात, पावरी बोली कुठली आणि मावची कुठली, केळीचे घड कोणत्या पद्धतीने ट्रकमध्ये भरतात, हे ज्याला उपजत ठाऊक आहे त्याच्याकडे या विद्येचे अर्धे भांडवल आधीच असते. मजकूर लिहिणाऱ्याला त्याची जाणीव दिसत नाही.

आता तिसरा दावा, ज्याने मी सर्वाधिक अस्वस्थ होतो. दिसते म्हणजे मोकळे, हे कायद्यानेही खरे नाही आणि नीतीनेही नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सार्वजनिक माहितीला सूट आहे, पण ती माहिती त्या व्यक्तीने स्वतः किंवा कायद्याने बंधनकारक म्हणून सार्वजनिक केलेली असली पाहिजे. मोबाईल नंबर टाकला की नाव, पत्ता आणि बापाचे नाव सांगणारे जे टेलिग्राम बॉट, म्हणजे आपोआप उत्तर देणारे प्रोग्राम, त्या मजकुरात ‘जादू’ म्हणून दिलेले आहेत, त्यांची अशी माहिती एरवी कुठून येणार? ती बहुधा कोणीतरी चोरलेल्या साठ्यातली असते. चोरीचे बैल आठवडे बाजारात उघड्यावर बांधले म्हणून ते विकणाऱ्याच्या मालकीचे होत नाहीत, आणि जाणूनबुजून ते घेणाराही निर्दोष राहत नाही. अप्रामाणिक हेतूने दुसऱ्याचा पासवर्ड वापरणे तर सरळ माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खालचा गुन्हा आहे.

एका तरुणाने मला विचारले होते की स्थळ आलेल्या मुलीचे सगळे ऑनलाइन वागणे तपासून देता का. तिचे गाव, शिक्षण, नोकरी यांची चौकशी दोन्ही घरे एकमेकांना विचारून करतात, त्यात गैर नाही. याला हवे होते ते वेगळेच: ती रात्री किती वाजेपर्यंत ऑनलाइन असते, कोणाच्या फोटोंना लाइक करते, मैत्रिणींच्या फोटोंवरून ती कुठे कुठे गेली होती. स्त्रीच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणे हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये पाठलागाच्या गुन्ह्यात मोडते. मी त्याला ते कलम वाचून दाखवले आणि काम नाकारले. याच कौशल्याने ग्रामपंचायतीचा खर्च ई-ग्रामस्वराजवर, रोजगार हमीचे हजेरीपट नरेगाच्या संकेतस्थळावर आणि बिल्डरची नोंद महारेरावर तपासता येते. ती सगळी माहिती लोकांनी पाहावी म्हणूनच तिथे ठेवलेली आहे.

शेवटचा दावा, सापडले की ग्रुपवर उघड करा, हा खानदेशात तरी कोणी लिहू नये. १ जुलै २०१८ रोजी, रविवारच्या आठवडे बाजाराच्या दिवशी, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारले. त्या काळात देशभर फिरलेल्या एका व्हिडिओत मोटारसायकलवरून मूल उचलून नेताना दिसते. तो मुळात कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेला जनजागृतीपट होता आणि मूल परत आणून सोडणारा शेवट कापून तो पसरवला गेला होता. शोध घेणाऱ्यांना मूळ चित्रफीत सापडली, पण जमावापर्यंत ती पोहोचली नाही. चुकीचा चेहरा एकदा ग्रुपवर गेला की मागे घेता येत नाही. ‘माफ करा, तो हा नव्हे’ हा संदेश त्याच लोकांपर्यंत पोहोचत नाही, आणि पोहोचला तरी तोवर वेळ गेलेली असते.

म्हणून सापडलेले जपून ठेवावे आणि योग्य हाती द्यावे. पानाचा पूर्ण पत्ता, पाहिल्याची तारीख आणि वेळ लिहावी, पानाची प्रत वेबॅक मशीन या जुनी पाने जपणाऱ्या संकेतस्थळावर साठवावी आणि फाइलचा हॅश, म्हणजे फाइलमध्ये जरा बदल झाला तरी बदलणारी तिची अंक-अक्षरांची खूण, काढून तो नोंदवावा, कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र लागते त्यात हॅश विचारलेला असतो. नुसता स्क्रीनशॉट कोर्टात सहज उडवला जातो. आणि ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले असतील तर चोराचे नाव शोधत बसू नये: सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतात, आणि ते वाटेत गोठवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते. आमच्या वर्गातल्या एकाच्या मामांनी ते तास चोराच्या नंबरामागचे नाव शोधण्यात घालवले. नाव मिळाले, तेही सिमकार्ड ज्याच्या कागदपत्रांवर काढले होते त्या भलत्याच माणसाचे, आणि फोन केला तेव्हा खाते रिकामे होते.