दोन मुलांचा कायदा आणि मध्य प्रदेशचे आकडे

इंदुरातल्या आपल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय: ‘लोकसंख्येचा स्फोट होतोय. गरिबांना फिकीर नाही. दोन मुलांचा कडक कायदा करा आणि बायकांना समजवा.’ पाठवणारे बहुतेक घरचेच काका-मामा, म्हणून उत्तर देतेय.

स्फोट कुठे आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) मध्य प्रदेशात बाईमागे सरासरी २.० मुलं निघाली, शहरांत तर १.६. लोकसंख्या आहे तेवढी राहायला साधारण २.१ लागतात. डोकी अजून वाढताहेत, कारण आधीची मोठी पिढी आता आई-बाप होण्याच्या वयात आहे. कायदा त्यांना परत पोटात घालणार का?

आता गरिबांची फिकीर. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशी परदेशीपुऱ्यातल्या, म्हणजे इंदूरच्या जुन्या मिल-वस्तीतल्या. सासूला सात झाली, जगली चार. मावशींना दोन, धाकटा झाला आणि ऑपरेशन करून घेतलं. शाळेची फी, व्हॅनवाल्याचे पैसे, ट्यूशन, खोलीचं भाडं, सगळा हिशोब तोंडपाठ. मिल चालू होत्या तेव्हा पोरगा मिसरूड फुटताच चार पैसे आणायचा. १९९१ला इथली हुकुमचंद कापड मिल बंद पडली. आता पोराला नोकरी लागेपर्यंत नुसतं घालतच राहायचं. आणि मूल जगेल याची खात्री नसेल तिथे बाई दोनवर थांबत नाही. २०२०मध्ये आपल्या राज्यात हजारी ४३ बाळं वर्षाची व्हायच्या आत गेली, देशात सर्वांत जास्त. त्याबद्दल फॉरवर्ड आलेला नाही. शाळेचाही फरक पाहा: देशात कधीच शाळेत न गेलेल्या बायकांना सरासरी २.८ मुलं, बारावी किंवा पुढे शिकलेल्यांना १.८.

कायदा तर करून झालाय. २६ जानेवारी २००१नंतर तिसरं मूल झालं तर राज्य सरकारची नोकरी नाही, हा नियम आपल्याकडेच आला. पंचायतीत निवडून येणाऱ्यांनाही दोन मुलांची अट होती. राज्याच्या माजी मुख्य सचिव निर्मला बुच यांनी पाच राज्यांत त्या अटीचा अभ्यास केला, तेव्हा सोडून दिलेल्या बायका, नाकारलेली मुलं आणि पाडलेले मुलींचे गर्भ समोर आले. मध्य प्रदेशाने पंचायतींची अट २००५मध्ये काढून टाकली.

राहिलं बायकांना समजवणं. त्याच २०१९-२१च्या सर्वेक्षणात राज्यातल्या लग्न झालेल्या शंभरातल्या जवळपास ५२ बायकांची नसबंदी झालेली. पुरुषांची? शंभरात एकसुद्धा भरत नाही. काका, समजवायला ग्रुपमध्येच बरेच जण आहेत.