शनिवारच्या गर्दीला किती श्रेय द्यायचं?

ऑलिंपिकची पदकं मोजून झाली की संभाजीनगरातल्या आमच्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर एक विषय हमखास निघतो: अमेरिकेत विद्यापीठाच्या फुटबॉल संघावर (आपला फुटबॉल नव्हे, हातात चेंडू घेऊन धावायचा अमेरिकन फुटबॉल) अख्खं राज्य जीव टाकतं, आपली विद्यापीठं मात्र नावावरून भांडतात. मी अलाबामात राहतो, म्हणून साक्षीदार म्हणून मलाच पुढे केलं जातं. तर देतो साक्ष.

जीव टाकतात हे खरंच. इथे कुणाशी ओळख झाली की दुसराच प्रश्न येतो, ‘अलाबामा की ऑबर्न?’ म्हणजे राज्यातल्या या दोन प्रतिस्पर्धी विद्यापीठांपैकी तुमचा संघ कोणता? अलाबामा विद्यापीठ आहे त्या टस्कलूसा शहराची वस्ती लाखाच्या आसपास, आणि विद्यापीठाच्या ब्रायंट-डेनी स्टेडियममध्ये माणसं मावतात तीही लाखभर. शनिवारी सामना असला की लग्नाचे मुहूर्तसुद्धा त्याला टाळून काढतात. ‘रोल टाइड’ ही अलाबामा संघाची घोषणा तर रामरामसारखी वापरतात. मलाही हे सगळं आवडतं, लाल टोपी घालून मीही ओरडतो.

पण याच विद्यापीठात 1956 च्या फेब्रुवारीत ऑथरीन लूसी ही पहिली कृष्णवर्णीय विद्यार्थिनी आली, तेव्हा जमावाने तिच्यावर अंडी-दगड फेकले. विद्यापीठाने जमावाला आवरायचं सोडून तिलाच, म्हणे तिच्या सुरक्षिततेसाठी, निलंबित केलं आणि पुढे काढूनच टाकलं. 11 जून 1963 ला गव्हर्नर जॉर्ज वॉलेस फॉस्टर सभागृहाच्या दारात आडवे उभे राहिले. राष्ट्राध्यक्ष केनेडींनी राज्याचं राखीव सैन्यदल, म्हणजे नॅशनल गार्ड, आपल्या हुकमतीखाली घेतल्यावर ते बाजूला झाले आणि व्हिव्हियन मलोन, जेम्स हूड या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे प्रवेश झाले.

आता फुटबॉलवाल्यांची लाडकी गोष्ट. 1970 च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियाच्या यूएससी संघाने बर्मिंगहॅममध्ये अलाबामाला 42-21 असं लोळवलं. त्यांचा कृष्णवर्णीय खेळाडू सॅम कनिंगहॅम त्या दिवशी कुणालाच आवरला नाही. ते पाहून लोकांचे डोळे उघडले, अलाबामाचे प्रशिक्षक बेअर ब्रायंटना कृष्णवर्णीय मुलं घेता आली आणि दक्षिण बदलली, अशी ही गोष्ट. ऐकायला छान आहे. अडचण इतकीच की अलाबामाने शिष्यवृत्तीवर घेतलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, विल्बर जॅक्सन, त्या सामन्याआधीच विद्यापीठात दाखल झाला होता. पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघातून खेळता येत नसे, म्हणून तो मैदानात नव्हता, एवढंच. आणि त्याच्याही आधी, 1969 मध्ये, कृष्णवर्णीय विद्यार्थी याच भेदभावाविरुद्ध कोर्टात गेले होते. मलोन तर 1965 लाच पदवी घेऊन बाहेर पडल्या होत्या. म्हणजे भांडले विद्यार्थी आणि वकील, श्रेय नेलं एका सामन्याने!

राहिला नावाचा वाद. तोही इथे झाला. 2022 मध्ये एका इमारतीला लूसीबाईंचं नाव द्यायचं ठरलं. इमारतीवर आधीपासून गव्हर्नर बिब ग्रेव्हज यांचं नाव होतं. हे ग्रेव्हज एकेकाळी कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या संघटनेच्या स्थानिक शाखेचे प्रमुख. विश्वस्तांनी मधला मार्ग काढला: दोन्ही नावं, लूसी-ग्रेव्हज. विद्यार्थी असे खवळले की दहा दिवसांच्या आत ग्रेव्हज उतरले. मराठवाड्यातल्या माणसाला हे वाचताना आपलं विद्यापीठ आठवणारच. 1978 चा विधिमंडळाचा ठराव, दलित वस्त्यांची जाळपोळ, लाँग मार्च, आणि 14 जानेवारी 1994 ला ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’. मराठवाडा हे प्रदेशाचं नाव, त्याची ग्रेव्हजशी बरोबरी करण्याचं कारण नाही. पण सोळा वर्षं माणसं उगाच भांडत होती, असं म्हणणाऱ्या मित्रांना मी टस्कलूसाचं उदाहरण द्यायला लागलोय. इथे इतकी पदकं, इतके करंडक आहेत, तरी नावाचा वाद टळला नाही. टळायला नकोच होता.

शिवाय या ‘मॉडेल’चा हिशेबही बघा. अलाबामाच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक निक सेबन 2024 च्या जानेवारीत निवृत्त झाले तेव्हा त्यांना वर्षाला एक कोटी डॉलरहून जास्त मिळत होते. खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा विद्यापीठांना मिळाली ती 2025 मध्ये. तोवर विद्यापीठांनी मुख्यतः शिष्यवृत्तीवरच भागवलं. हे सगळं आपल्याकडे आणायचं म्हणणाऱ्यांनी आधी आंतरविद्यापीठ स्पर्धेला निघालेल्या आपल्या पोरांना रेल्वेचं आरक्षित तिकीट आणि भत्ता वेळेवर मिळतो का, तेवढं विचारून घ्यावं.