मुंबईतली शेवटची स्वस्ताई

घरभाडं वाढलं, रिक्षाचं मीटर वाढलं, वडापावचं तर बोलूच नका. अशात मध्यमवर्गीय माणसाने चैन करायची तरी कशाची? रस्त्यावर कचरा टाका. महापालिकेच्या 2006 च्या स्वच्छता उपविधींनी त्याचे 200 रुपये ठरवले आणि थुंकण्याचेही 200च. रस्त्यावर गाडी धुण्याचे मात्र 1000. एका गाडीच्या धुण्यात पाच पिचकाऱ्या बसतात, काय परवडतं ते घरी विचारून ठरवा.

कायद्याला उगाच घाबरू नका, तो फार सोशिक आहे. सार्वजनिक उपद्रवाला 1860 च्या दंडसंहितेत 200 रुपयांपर्यंत दंड होता. राणी गेली, राजे गेले, आणे-पै गेले, 200 तसेच. 1 जुलै 2024 ला न्याय संहिता आली आणि एकदम 1000 झाले. 164 वर्षांनी भाववाढ! पागडीची भाडीही इतकी टिकत नाहीत.

जागा मात्र पारखून घ्या. चाळीत राहत असाल तर मागची घरगल्ली उत्तम. ती नक्की कोणाची, यावर तीन पिढ्या भांडल्यात, त्यामुळे तिथला कचराही कोणाचाच नसतो. नाहीतर तळमजल्याच्या काकूंचा पत्रा आहेच. अंड्याची टरफलं, कंगव्यातले केस, सगळं खपतं. आवाज ऐकून काकूंनी बाहेर येऊन वर पाहिलं, तर तुम्हीही वर पाहा.

लोकलमध्ये थोडं जपून. रेल्वेचा 2012 चा नियम 500 रुपयांपर्यंत जातो. म्हणून शेंगांची टरफलं टाकू नयेत, पायाने सीटखाली सारावीत. टाकली नाहीत, राहिली.

निर्माल्याला तर वेगळंच संरक्षण आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गाठ मारून खाडीच्या पुलावरून सोडा आणि लगेच हात जोडा. हात जोडलेल्या माणसाला हटकायची कोणाची टाप? पिशवीचं मात्र कोणाला सांगू नका. 2018 च्या बंदीत पहिल्या खेपेला 5000, दुसऱ्या खेपेला 10000 आणि तिसऱ्या खेपेला 25000 शिवाय तीन महिने कैद आहे. देवाला चालतं, पण सरकारचं सांगता येत नाही.

तरी पकडले गेलातच तर आधी ‘वाऱ्याने उडाला’ म्हणा. मग पकडणाऱ्याकडेच ओळखपत्र मागा. मग ‘इथे डबा आहे का कुठे?’ असं खणखणीत विचारा; फक्त विचारताना डब्याला टेकून उभे राहू नका, बरेच जण तिथे फसतात.

आणि पावसाळ्यात घरीच बसा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला दिवसभरात 944 मिलिमीटर पडला, तेव्हा गटारांनी घेतलेलं सगळं परत केलं होतं. पुन्हा तशी वेळ आली आणि गुडघाभर पाण्यातून एखादी गाठ मारलेली पिशवी जिन्याशी येऊन थांबली, तर ओळख दाखवू नका. काकू बघत असतील.